काळी नदीच्या मुखावर जिताडा

बेळगावात राहून खाऱ्या पाण्यातला मासा गळाला लावायचा, तर आधी तिथी बघावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला इतकी ओढ असते की आमच्या लहान होडीचा नांगर टिकत नाही. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी अगदी कमी असते तेव्हा, पाणी फारसं हलत नाही. म्हणून भाऊबीज उरकली आणि पंचमी साधून आम्ही दोघं निघालो. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट उतरून कारवार, काळी समुद्राला मिळते तिथं. होडी सदाशिवगडच्या बाजूला असते.

पंचमीला पहाटे भरती संपते आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. जिताडा हा खाडीतला मोठा शिकारी मासा, त्याची वेळ हीच. कांदळवनातल्या ओहळांचं पाणी काळीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयटं (लहान मासे) वाहून येतात, आणि ओहळाच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. उजाडताना ह्यांनी पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून आमिषासाठी बोयटं धरली, ती जिवंतच बादलीत ठेवली. काळीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्या बाजूला आम्ही होडी नेत नाही. गळाच्या वर हातभर जाड नायलॉन बांधलं होतं, कारण जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी सहज कापते.

आधी एक बेताचा लागला. मग बराच वेळ काहीच नाही.

दुसरा लागला तेव्हा काठी माझ्या हातात होती. रीळ किर्रकिर्र करत सुटलं आणि मासा पाण्याबाहेर आला, तोंड उघडं, डोकं जोरजोरात झटकत. "टोक खाली घे, सैल सोड की गं!" हे ओरडले. उडी मारताना दोरी ताणलेली असली की गळ निसटतो. मनगटं भरून आली, पण सोडला नाही. होडीच्या कडेला आला तेव्हा लांबी हातभरापेक्षा पुष्कळ जास्त. डोळा उन्हात तांब्याच्या रंगाचा चमकत होता.

ह्यांना तो घरी न्यायचा होता. मी नको म्हटलं. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगानं मोठा झाला की मादी होतो. म्हणजे एवढी थोराड बहुतेक मादीच, आणि एकेक मादी लाखो अंडी घालते. तीसुद्धा इथंच, मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. हे क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, सोडूया."

गळ काढताना मी ओलं फडकं वापरलं. पोटाखाली हात धरून तिचं तोंड प्रवाहाकडे केलं, कल्ल्यांतून पाणी खेळू दिलं. कल्ले उघडमीट करू लागले, शेपटीला जोर आला, तेव्हाच हात काढला. घाईनं पाण्यात फेकलेला मासा कित्येकदा वाचत नाही.

सुकती तळाला जाऊन वाळूचे पट्टे उघडे पडायच्या आत होडी काठाला लावली. दुपारी बेताच्या जिताड्याचं तिरफळ घालून कालवण केलं.