लिसा, सैतान आणि बुरशी

'द हाउस ऑफ एक्झॉर्सिझम' या भयपटाची कॅसेट एकदाची कॉम्प्युटरवर उतरली. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. आपल्याकडच्या पावसाळ्याची कृपा. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये चुकूनही घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तोंडाला मास्क बांधून खालचे पाच स्क्रू काढले, रीळ दुसऱ्या कवचात बसवलं. मग याच कामासाठी ठेवलेल्या जुनाट मशीनवर टेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलावलेल्या कापडावरून सावकाश फिरवली. कापड काळंकुट्ट झालं, पण ट्रॅकिंग, म्हणजे हेडचं टेपवरच्या पट्ट्यांशी जुळणं, स्थिरावलं.

आता सिनेमा. इटालियन दिग्दर्शक मारिओ बावानं 'लिसा अँड द डेव्हिल' केला आणि 1973 साली कान चित्रपट महोत्सवात दाखवला, पण घ्यायला कोणी पुढे आलं नाही. तेवढ्यात 'द एक्झॉर्सिस्ट' हा भूतबाधेवरचा सिनेमा तुफान चालला. निर्माता अल्फ्रेडो लिओनेनं लगेच नवे प्रसंग जोडले: नायिका एल्के सॉमर अंगात आल्यासारखी तडफडते, रॉबर्ट आल्डा पाद्री होऊन येतो. 1975 मध्ये हे कडबोळं 'द हाउस ऑफ एक्झॉर्सिझम' या नव्या नावानं बाहेर पडलं, दिग्दर्शक म्हणून 'मिकी लायन' असं भलतंच नाव लावून. टेली सावालस लॉलीपॉप चघळत वाड्यात पुतळे हलवतोय, त्या संथ, स्वप्नासारख्या प्रसंगात रंग भरायला लागतो न लागतो तोच हॉस्पिटलची खाट आणि ओकाऱ्या! चीड येते. मूळ आवृत्ती मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आली तोवर बावा गेलेला होता (1980).

दोन्ही आवृत्त्या आता डिस्कवर स्वच्छ मिळतात, मग ही खटपट कशाला? कारण त्या काळी कॅसेट भाड्यानं नेणाऱ्या कित्येकांना भेटलेला बावा हाच होता.

लांबी ताडून पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, पाल (आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओची पद्धत) 25 चा. त्यामुळे 100 मिनिटांचा सिनेमा पाल कॅसेटवर 96 मिनिटांत आटोपतो, आवाजही किंचित चढा लागतो. तेव्हा 'चार मिनिटं कापली' अशी बोंब मारण्याआधी हा हिशेब करा.

पुढची कॅसेट फ्रेंच आहे, म्हणजे सेकॅम, तिकडची रंगीत टीव्हीची वेगळी पद्धत. माझ्या पाल मशीनवर ती कृष्णधवल दिसते. सेकॅम चालवणारं मल्टिसिस्टम मशीन कोणाकडे पडून असेल तर कळवा. दुरुस्तीचं मी बघेन.