दिवा कुठं लागला होता?

शनिवार, रात्री १:५०

पंखे फिरतायत. कॅबिनेटचे दोन, प्रोसेसरवरचा एक. स्क्रीन मात्र काळी. मॉनिटर ‘सिग्नल नाही’ एवढं दाखवतो आणि थोड्या वेळानं तेही विझतं.

हे मशीन धाकट्या भावासाठी. तो चादरी-टॉवेलची जेकार्ड, म्हणजे मागावर विणून काढायची, डिझाइनं करतो. जुन्या पीसीवर मोठी फाइल उघडली की पाच-पाच मिनिटं सगळं गोठून जायचं आणि कारखान्यातून फोनवर फोन यायचे. दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून पैसे बाजूला टाकले. पार्ट एकेक करून मागवले. शेवटचा काल आला. परत करायची मुदत बुधवारी संपते, म्हणून आज लिहून ठेवतोय, उद्या गोंधळ नको.

संध्याकाळी सातला बसलो. खोलीत उकाडा, पण पंखा बंद ठेवला, धूळ उडू नये म्हणून. आधी पलंगावरच्या चादरीवर मदरबोर्ड काढणार होतो. मग तो पुठ्ठ्याच्या खोक्यासकट टेबलावर घेतला. एप्रिलमधली आपली हवा इतकी कोरडी असते की अंगातली स्थिर वीज बोटातून एखाद्या चिपमध्ये कधी उतरेल ते कळत नाही.

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). सगळं ११ पर्यंत बसलं. बटण दाबलं. पंखे फिरले, आम्ही दोघं उभे राहिलो, आणि काहीच आलं नाही. धाकट्याचा चेहरा बघवला नाही.

काय काय केलं ते क्रमानं:

पहिल्यांदा मॉनिटर. जुन्या पीसीला लावून बघितला, चालतो. केबलही चांगली. मग २४ पिनची वायर आणि वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची. ही दुसरी राहून गेली तरी पंखे फिरतात, म्हणून बरेच जण तिथं फसतात. माझी दोन्ही बसलेली होती. बोर्डच्या उजव्या कडेला चार बारीक दिवे आहेत, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. बोर्ड चालू होताना एकेक गोष्ट तपासत जातो आणि जिथं अडतो तिथला दिवा लागून राहतो. टॉर्च मारून बघितलं, डीरॅमचा लागलेला. दोन्ही रॅम काढल्या, परत बसवल्या. खटका ऐकू आला. डिस्प्ले नाही.

मग ठरवलं, जेवढं लागतं तेवढंच ठेवायचं. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं. दोनपैकी एक रॅम काढली, दुसरी प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली. बोर्ड थोडा वाकला, भीती वाटली, पण दाबली. एचडीएमआय बोर्डच्या मागच्या पोर्टला लावली. डिस्प्ले नाही. दिवा तसाच. वीज काढून सीआर२०३२ चा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, म्हणजे बायॉसची, बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग मूळपदावर येते. डिस्प्ले नाही.

मग राहिलं काय? प्रोसेसर किंवा बोर्ड. एका दुकानात फोन केला होता, ते म्हणाले प्रोसेसरच असेल, आणून ठेवा. माझंही मन तिकडंच झुकतंय. बसवताना पिन वाकली असेल तर ते परत घेणार नाहीत. झोप येईल असं वाटत नाही.

आप्पा साडेबारापर्यंत खुर्चीवर बसून होते. काही बोलले नाहीत.

रविवार, रात्री

आज काय झालं ते सगळं लिहायचंय, एकही गोष्ट सुटू द्यायची नाही.

सकाळी प्रोसेसर काढला. या सॉकेटचा एक धोका आहे. पिना प्रोसेसरलाच असतात आणि वरचा हीटसिंक (प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा) सरळ उचलला तर मधल्या पेस्टच्या चिकटीनं प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, खटका बंद असला तरी. म्हणून हीटसिंक हळूहळू डावी-उजवीकडं पिळत सैल केला, मगच वर घेतला. पिना १३३१. नुसत्या डोळ्यांनी काय दिसणार?

आप्पा उठले आणि कपाटातून त्यांचं भिंग घेऊन आले. घडीचं, पितळी, एक इंची चौकटीचं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांनी एकतीस वर्षं जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून काढली. कापडावर हे भिंग ठेवून इंचात ताण्याचे (उभे) किती आणि बाण्याचे (आडवे) किती धागे आलेत ते मोजायचे. रिटायर झाल्यापासून ते कपाटातच होतं. त्यांनी प्रोसेसर कडेनं धरला आणि खिडकीजवळ नेऊन रांग रांग बघितली. चाळीस मिनिटं लागली असतील. "एकबी वाकडी न्हाई," म्हणाले. त्यांनी बघितलंय म्हटल्यावर मला परत बघायची गरज वाटली नाही.

मी म्हणालो, मग आतूनच गेला असणार. परत करू या.

तेव्हा त्यांनी विचारलं, "काल रात्री दिवा कुठं होता?"

डीरॅमवर, म्हणालो.

"पहिल्यांदा. नंतर?"

नंतरही तोच.

"तू बगितलास का नंतर?"

मी थांबलो. चारही दिवे एकाच रंगाचे आहेत आणि २४ पिनची जाड वायर त्यांच्यावरून जाते. नंतर मी फक्त वायरमागचा उजेड बघत होतो. अक्षरं वाचली होती ती एकदाच.

वायरी परत तशाच लावता याव्यात म्हणून मी प्रत्येक टप्प्याला फोटो काढत होतो. मोबाइल काढला. ११:३५ च्या फोटोत दिवा डीरॅमसमोर. १२:५२ च्या फोटोत, कडेनं काढलेला असला तरी स्पष्ट दिसतंय, दिवा एक घर खाली आहे. व्हीजीएसमोर.

आप्पांनी मागाचं सांगितलं. ताण्याचा धागा तुटला की त्याच्यावरची ड्रॉप पिन खाली पडते आणि माग थांबतो. धागा जोडून माग चालू केला आणि परत थांबला तर नवा पोरगा म्हणतो, जोडलेलं काही कामाचं नाही, दुसरंच बिघडलंय, आणि सगळं खोलत बसतो. "आधी बगायचं, आता कुठली पिन पडली. तीच हाय का दुसरी. दुसरी आसंल तर पहिला धागा नीट जोडलाय."

मग मला सगळं एका ओळीत दिसलं. काल रात्री रॅमचा दोष मी दुरुस्त केला होता. आणि त्याच क्षणी ग्राफिक्स कार्ड काढून दुसरा दोष स्वतःच्या हातानं घातला होता. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीत. ५६००जी मध्ये आहेत, ५६०० मध्ये नाहीत. हे मला माहीत होतं, विकत घेताना याच फरकावर तासभर विचार केला होता, कार्ड त्यासाठीच घेतलं होतं. रात्री एक वाजता ते आठवलं नाही. बोर्डच्या मागं एचडीएमआयचं पोर्ट आहे म्हणजे तिथून चित्र येणार, असं डोळ्यांनी धरलं. ते पोर्ट ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरसाठी असतं. या प्रोसेसरबरोबर तिथून चित्र कधीच येणार नव्हतं.

म्हणजे एक दोष गेला तेव्हा दुसरा उभा होता आणि दोन्ही वेळा मला दिसलं ते एकच, काळी स्क्रीन. मी फक्त स्क्रीनला विचारत होतो. स्क्रीन हो किंवा नाही एवढंच सांगते. काय बदललं ते दिवा सांगत होता, आणि तिकडं माझं लक्ष नव्हतं.

प्रोसेसर पुसला, नवी पेस्ट लावली, बसवला. बोर्ड कॅबिनेटबाहेर, खोक्यावरच ठेवला. कार्ड लावलं, त्याची वीज लावली, एचडीएमआय कार्डाला. आता बटण नव्हतं, म्हणून पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखे फिरले. दिवे खाली उतरत गेले, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. धाकटा माझ्या खांद्याला धरून उभा होता. वीसेक सेकंदांनी बायॉस आलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली, इतका मोठ्यानं तो ओरडला.

रॅम मुळात का बसली नव्हती, तेही शोधलं. या बोर्डवर रॅमच्या खाचेला एकाच बाजूला खटका आहे. कार्डाच्या बाजूचं टोक नुसतं आत सरकतं, तिथं काहीच वाजत नाही. मी खटक्याचा आवाज ऐकून समाधान मानलं आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहिलं. आज मुद्दाम रॅम परत तशी अर्धवट बसवून बघितली. वरून बघितलं तर काही कळत नाही. आडवं होऊन कडेनं बघितलं की सोनेरी पट्टीची बारीक रेघ दिसते.

सोमवार, रात्री

दोन्ही रॅम बसवल्या, प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. १६ जीबी दिसते. वेग २६६६ दाखवत होता, एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी बायॉसमधली सेटिंग) चालू केल्यावर ३२०० झाला.

एक गोष्ट या सगळ्यात सापडली ती महत्त्वाची. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत होत्या. टेस्टर लावला तर मिणमिणता लागला. आमच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, तिसरं भोक नुसतंच. एसएमपीएसच्या आत आवाज गाळणारे कपॅसिटर फेज, न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये असतात, त्यामुळं अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ एक व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी किंवा एचडीएमआय लावताना तो पोर्टमधून जाऊ शकतो. दुपारी वायरमनला बोलावून स्वतंत्र तार ओढून घेतली. ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी पार्ट मागवायच्या आधी हे करून घ्यावं, मनापासून सांगतो.

संध्याकाळी धाकट्यानं त्याची सगळ्यात मोठी फाइल उघडली. मोर आणि वेलबुट्टी, पूर्ण चादरीची. लगेच उघडली. त्यानं ती मोठी मोठी करत नेली, चौकोन दिसायला लागेपर्यंत. आप्पांच्या काळी आलेखाच्या कागदावर असंच घर भरायचे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचे, भोक असेल तिथला धागा वर. ते खुर्ची ओढून जवळ बसले, एकेक चौकोनाला काय काय लागतं ते विचारत राहिले. मग खिशातून भिंग काढून सरळ स्क्रीनवर ठेवलं, जिथं नुसता पांढरा भाग होता तिथं.

बराच वेळ बघत होते.

"हे पांढरं न्हाईच की," म्हणाले. "तीन धागे हायत. लाल, हिरवा, निळा."