आमची वाटचाल : गंजाचा गाळ आणि दोनशे लीटरचे पिंप

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुढची काही वर्षे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे नव्याने बांधली जात होती, आणि वाळू, सिमेंट, लोखंड घेऊन येणाऱ्या मालट्रकांची वर्दळ रात्रंदिवस चालू असे. त्याच काळात माझ्या वडिलांनी लातूरला औसा रस्त्यालगत पत्र्याची शेड टाकून रेडिएटर, म्हणजे इंजिनाचे तापलेले पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी, दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. सुरुवातीला एक मिस्त्री, एक ब्लो लॅम्प आणि डाख देण्याचे सामान एवढेच भांडवल होते. आज आमच्याकडे सात माणसे आहेत आणि निम्म्याहून अधिक काम जुन्या ट्रकच्या कूलिंग सिस्टिममधला गंज आणि गाळ काढण्याचे आहे.

“मालक, गाडी लई तापूलाली,” हे वाक्य घेऊनच बहुतेक चालक आमच्याकडे येतात. त्यामागचे कारण नव्वद टक्के वेळा बोअरच्या पाण्यात सापडते, असा माझा अनुभव आहे. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड असते. जुन्या गाडीत चालक रस्त्यात मिळेल ते पाणी भरतो, ते तापून उडून जाते, क्षार मात्र आतच राहतात. कमी झालेले पाणी पुन्हा भरले की त्याबरोबर नवे क्षार आणि पाण्यात विरघळलेला नवा प्राणवायू आत जातो, आणि इंजिनाचा बिडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरभोवतीचे मुख्य धूड, आतून गंजत राहतो. त्यातच गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याची जुनी सवय आहे. हळदीने बारीक छिद्र तात्पुरते बुजते हे खरे आहे, पण तीच हळद गंजात मिसळून नळ्यांमध्ये घट्ट लगद्यासारखी बसते.

वडिलांच्या काळात आमची समजूत अशी होती की रेडिएटर उतरवला, वरची टाकी डाख वितळवून काढली, पितळी नळ्यांतून पातळ पट्टी फिरवली आणि टाकी पुन्हा बसवली की काम संपले. त्याला आम्ही रॉडिंग म्हणतो. रॉडिंग केलेली गाडी महिन्याभरात पुन्हा तापून परत आली, तर आम्ही दोष रेडिएटरलाच देत असू. एकदा अशाच परत आलेल्या गाडीच्या ब्लॉकचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढण्याचे बूच, मी काढला, तर पाण्याचा एक थेंबही बाहेर आला नाही. तार घालून टोकरल्यावर आतून ओल्या विटेच्या भुकटीसारखा तांबडा चिखल हळूहळू सरकत बाहेर आला. गाळ सर्वांत जास्त साचला होता तो ब्लॉकच्या मागच्या बाजूला, शेवटच्या सिलिंडरभोवती, जिथे पाण्याचा वेग सर्वांत कमी असतो. गाडी चालू झाली की तो सुटून नव्याने साफ केलेल्या रेडिएटरमध्येच जाणार होता. त्या दिवसापासून ब्लॉक धुतल्याशिवाय रेडिएटर बसवायचा नाही, हा नियम आम्ही केला.

घाईने केलेली एक चूकही इथे नोंदवली पाहिजे. काम लवकर व्हावे म्हणून आम्ही काही काळ शौचालय धुण्याचे तीव्र आम्ल पातळ करून वापरत होतो. एका गाडीच्या रेडिएटरचे डाख त्याने इतके खाल्ले की चार दिवसांनी घाटात नळ्यांचे सांधे सुटले आणि भरलेला माल रस्त्यावर अडकला. रेडिएटरचा नवा कोअर, म्हणजे नळ्यांचा गाभा, आम्ही स्वखर्चाने बसवून दिला, आणि ते आम्ल शेडमध्ये पुन्हा आणले नाही. आता लिंबू सत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, वीस लीटर पाण्याला एक किलो या प्रमाणात घेतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, काढून ठेवून इंजिन अर्धा तास ते चाळीस मिनिटे चालवतो, द्रावण काढतो, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतो आणि स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुतो. आम्ल रात्रभर गाडीत ठेवत नाही. रेडिएटर अॅल्युमिनियमचा असेल तर प्रमाण निम्मे ठेवतो आणि वेळही कमी करतो.

खरी कसोटी 2016 साली लागली. मांजरा धरण आटले होते, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तोपर्यंत आम्ही पाण्याचा पाइप लावून निवळ येईपर्यंत गाडी धूत असू, आणि एका गाडीला सात-आठशे लीटर पाणी सहज जाई. ज्या शहरात घागरीसाठी रांगा लागतात, तिथे आम्ही पाणी गटारात सोडणे योग्य नव्हते. काम बंद ठेवावे असा वडिलांचा विचार होता. पण ट्रकवाल्यांचे पोटही गाडीवरच होते. शेवटी दोनशे लीटरचे पिंप, एक लहान पंप आणि मांजरपाटाच्या दुहेरी कापडाची गाळणी असे साधन जुळवले. थर्मोस्टॅटच्या जागेतून पाणी आत सोडायचे, वॉटर पंपाच्या बाजूने बाहेर काढायचे, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट, आणि गाळून पुन्हा तेच फिरवायचे. रेडिएटरला मात्र खालून वर. मध्येमध्ये हवेचे हलके झटके देतो, पण दाब 1 बारच्या वर नेत नाही, कारण जुन्या नळ्या त्याहून अधिक सोसत नाहीत.

पिंपात आम्ही जुन्या स्पीकरचे एक लोहचुंबक दोरीने टांगतो. तासाभराने ते वर काढले की त्याला काळा चकचकीत गाळ जाड लेपासारखा चिकटलेला असतो, आणि तांबडा गंज पिंपाच्या तळाशी निवांत बसलेला असतो. मालकाला काहीही समजावून सांगण्यापेक्षा हे चुंबक त्याच्या हातात देणे अधिक उपयोगाचे ठरले आहे. पाऊस बरा झाल्यावरही आम्ही पाइपाकडे परत वळलो नाही. आज एका गाडीला सव्वाशे-दीडशे लीटर पाणी पुरते.

धुतल्यावर निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी भरून देतो, काढलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा बसवतो आणि प्रेशर कॅपची, म्हणजे रेडिएटरच्या दाब धरणाऱ्या झाकणाची, रबर तपासतो. पुष्कळ मालक कूलंटच्या खर्चाला नाखूश असतात, हे मी समजू शकतो, पण कूलंट गंजरोधक आहे, केवळ थंडावा देणारे द्रव्य नव्हे, हे सांगितल्याशिवाय गाडी सोडत नाही. जुने कूलंट झाकणाच्या डब्यात साठवतो. ते गोड असते आणि विषारीही, आणि शेडच्या मागे लोकांची जनावरे हिंडत असतात.

गेल्या हंगामात अहमदपूरकडची एक जुनी दहाचाकी गाडी आली होती. तिच्या पिंपाच्या तळाला बादलीभर तांबडा गाळ निघाला. मालक गाळाकडे बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, “दुसऱ्या गाडीलाबी हेच करा.” ती दुसरी गाडी आता शेडमध्ये उभी आहे, ड्रेन प्लग काढून झाला आहे आणि उद्या सकाळी तिचा ब्लॉक धुवायला घ्यायचा आहे.