क्लासिक ३५० ची फेररचना, नोंद सहावी : हँडल ठरवताना

मागच्या नोंदीत नवी सीट बसवून झाल्याचे लिहिले होते आणि पंधरा दिवसांत हँडल बसवून छायाचित्रे दाखवीन असे आश्वासनही दिले होते. त्याला आता तीन महिने होऊन गेले आहेत. या तीन महिन्यांत गाडीवर चार वेगवेगळी हँडले चढली आणि त्यांतील तीन उतरली. शिवाय मध्येच एक पाचवे हँडल होते, ते विजेच्या वायरिंगसाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या पाइपाचे होते. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग त्या पाइपाचाच झाला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, की गाडी २०१२ ची, कार्ब्युरेटर असलेली रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. इंजिनाला हात लावलेला नाही आणि लावायचाही नाही. गाडी बहुतेक वेळा पुण्यातील कोथरूडहून चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी या मार्गाने ताम्हिणी घाटात जाते, आणि आठवड्यातील उरलेले दिवस शहरातील गर्दीत काढते. हे मुद्दाम लिहितो, कारण हँडल निवडताना मी पहिली चूक हीच केली, की रस्ता विसरलो आणि छायाचित्रे पाहत बसलो.

छायाचित्रांत कॅफे रेसरसारखे, म्हणजे खाली झुकलेल्या हँडलच्या वेगवान गाडीसारखे, देखणे काही नसते. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये सुरू झालेल्या एस कॅफेभोवती १९५० आणि १९६० च्या दशकांत जी तरुण मंडळी जमत, त्यांना ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग गाठायचा असे. त्या वेगाला छातीवर येणारा वारा हाच मोठा अडसर असल्याने हँडल खाली आणून टाकीवर झोपणे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. माझी गाडी ताम्हिणीत ताशी चाळीस ते साठच्या दरम्यान असते आणि ऐंशीच्या पुढे गेली की हातांना मुंग्या येतात. वाऱ्याशी माझे भांडणच नाही, तर त्याच्यासाठी वाकायचे कशाला, हा साधा प्रश्न मला दीड महिना उशिरा पडला.

तोपर्यंत मित्राकडून क्लबमन हँडल उसने आणून बसवून झाले होते. हे हँडल मधल्या मूळ क्लॅम्पमध्येच, म्हणजे हँडल आवळून धरणाऱ्या पकडीतच, बसते, पण पुढे जाऊन खाली वळते, त्यामुळे क्लिप-ऑनचा, म्हणजे दोन सुट्या आखूड हँडलांचा, भास होतो आणि काही कापावे लागत नाही. खरे क्लिप-ऑन या गाडीला लावणे अवघड आहे. ते पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना थेट आवळतात, आणि आपल्या क्लासिकमध्ये या ३५ मिलिमीटरच्या नळ्यांची वरची टोके हेडलाइटच्या नॅसेलमध्येच, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या खोळीतच, धरलेली असतात. म्हणजे नॅसेल हे नुसते झाकण नसून वरच्या टीचे, म्हणजे दोन्ही नळ्या जोडून धरणाऱ्या आडव्या तुकड्याचे, कामही तेच करते. क्लिप-ऑन लावायचे तर नळ्यांवरची कव्हरे कापून नॅसेलच्या खाली जागा शोधायची, नाहीतर नॅसेल काढून वेगळी टी करून घ्यायची. नॅसेलवरच्या त्या दोन छोट्या पायलट दिव्यांसाठी मी ही गाडी घेतली होती, त्यामुळे तो विचार तिथेच संपला.

क्लबमन बसवून पिरंगुटपर्यंत गेलो आणि भूगावलाच मनगटे बोलू लागली. दोष हँडलचा नव्हता. सीट, हँडल आणि फूटरेस्ट यांचा एक त्रिकोण असतो आणि त्याचा एकच कोपरा हलवला की शरीर कुठेतरी त्याची भरपाई करते. हात पुढे-खाली गेले, पण पाय मूळ जागी, म्हणजे बऱ्यापैकी पुढेच राहिले. पाय मागे असते तर वरच्या अंगाचा भार मांड्या आणि पावलांनी उचलला असता, इथे तो सगळा तळहातांवर आला. शिवाय हँडल पूर्ण वळवले की अंगठा टाकी आणि ग्रिप यांच्यामध्ये चेंगरत होता. पार्किंगमधून गाडी काढताना हे दोनदा झाले आणि तिसऱ्या वेळेची वाट न पाहता हँडल मित्राला परत केले.

दुसरे आले ते सरळ ड्रॅग हँडल. एक आडवी नळी, टोकांना किंचित मागे ओढलेली. गाडी त्यात फार सुंदर दिसत होती हे मी आजही मान्य करतो. मात्र नवी सीट मूळ सीटपेक्षा खाली असल्याने आणि या हँडलला मागची ओढ जवळजवळ नसल्याने मी पाठीची कमान करून, खांदे पुढे ताणून बसत होतो. तासभर काही वाटत नाही. माणगावला उतरलो तेव्हा मात्र कमरेने हिशेब मागितला.

आमचे मिस्त्री हे सगळे शांतपणे पाहत होते. ड्रॅग हँडल काढताना ते एवढेच म्हणाले, “साहेब, आधी नुसतं धरून बघा, मग पैसे घाला.” धरून पाहायचे म्हणजे काय, हे विचारल्यावर त्यांनी कोपऱ्यात पडलेला वायरिंगचा २० मिलिमीटरचा पाइप दाखवला.

त्या पाइपात बारीक वाळू ठासून भरायची, दोन्ही टोके चिंध्यांनी बंद करायची आणि जिथे वळवायचा तिथे सावकाश गरम करायचा. वाळूमुळे वळणावर पाइप चेपत नाही. पहिला प्रयत्न घरच्या शेगडीवर केला आणि त्या वासानंतर स्वयंपाकघरात मला मज्जाव झाला, तो योग्यच होता. हा धूर चांगला नसतो, काम उघड्यावरच करावे. आपल्या हँडलची नळी २२.२ मिलिमीटरची असते, म्हणून मधल्या भागावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की हा पाइप मूळ क्लॅम्पमध्ये घट्ट बसतो. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन डोळे मिटून सीटवर बसायचे, हात सहज पुढे न्यायचे आणि मुठी जिथे थांबतील तिथे दुसऱ्याला खडूने खूण करायला सांगायची. पाइप त्या खुणांपर्यंत येईस्तोवर तापवायचा, वाकवायचा, पुन्हा बसून पाहायचे. माझी उंची १७० सेंटिमीटर आहे, आणि तिसऱ्या पाइपाला मुठी खुणांवर आल्या.

त्या पाइपावरून चार मापे घेतली. टोकापासून टोकापर्यंतची रुंदी ७६० मिलिमीटर, क्लॅम्पपासून ग्रिपची उंची ९० मिलिमीटर, मागची ओढ १४० मिलिमीटर, आणि चौथे माप म्हणजे टोकांचा खालच्या बाजूला असलेला कल. हे चौथे माप बाजारात कोणी सांगत नाही, पण मनगट सरळ राहते की मुरडते हे त्यावरच ठरते. मुठीत पेन्सिल धरून हात पुढे केला तर ती पूर्ण आडवी राहत नाही, बाहेरच्या टोकाकडे थोडी झुकते. हँडलचे टोक त्या पेन्सिलीसारखे असायला हवे.

रुंदीबद्दल मी थोडा अडखळलो होतो. गर्दीतून निघायला अरुंद हँडल बरे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण हँडल ही तरफ आहे. रुंदी ८०० वरून ६८० मिलिमीटरवर आणली, तर तीच गाडी वळवायला मुठीपाशी सुमारे १८ टक्के जास्त जोर लागतो, आणि पावणेदोनशे किलोच्या वर वजन असलेल्या गाडीत, चढावरच्या आखूड वळणावर पहिल्या गिअरमध्ये हा फरक दंडांना चांगला कळतो. फार रुंद केले तर दोन टेम्पोंमधून काढता येत नाही. सातशे साठवर माझे समाधान झाले, दुसऱ्याचे कदाचित होणार नाही.

उंच एप हँगर मी बसवून पाहिले नाही. मुठी खांद्याच्या वर ठेवून तासन्‌तास बसलात तर हात जड होतात हा एक भाग झाला. ताम्हिणीच्या पावसात रेनकोटच्या बाहीतून पाणी थेट कोपरापर्यंत आणि तिथून काखेत उतरते, हा दुसरा, आणि माझ्या मते निर्णायक भाग.

चार मापे चिठ्ठीवर लिहून नाना पेठेत गेलो. मिळालेले पहिले हँडल मापात होते, पण नळीच्या आतून बोट फिरवल्यावर लांबट जोडाची धार लागत होती आणि भिंत पातळ होती. स्वस्त मिळते म्हणून घेतले आणि घरी आणून ठेवले, ते एका रविवारी नुसत्या उभ्या गाडीवर बसवून पुन्हा उतरवले, रस्त्यावर नेले नाही. दुसऱ्या खेपेला पोलादी, जाड भिंतीचे, ट्रॅकर धाटणीचे, म्हणजे रुंद, थोडे उंच आणि मागे ओढलेले हँडल मिळाले, ज्याला मधला आडवा दांडा नाही. दांडा असता तर तो नेमका स्पीडोमीटरच्या समोर आला असता. ॲल्युमिनियमचेही होते. वजनाला हलके आणि दिसायला छान, पण गाडी पडून वाकले तर पोलाद निदान वाकल्याचे दाखवते, ॲल्युमिनियम वाकवून सरळ केले की पुढे केव्हा तडकेल याचा भरवसा नसतो.

खरे काम इथून पुढे सुरू झाले. हँडलवर काळे पावडर कोटिंग होते आणि ते देखणे कोटिंगच दोन ठिकाणी नडले. पहिले, ॲक्सिलरेटरची नळी हँडलवर सरकत फिरायला हवी, ती कोटिंगच्या जाडीमुळे अडकून बसत होती. मूठ पिळून सोडली की ती झटकन परत यायला हवी, इथे ती सुस्तावल्यासारखी अर्ध्यावर थांबायची. हे रस्त्यावर कळले असते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा. उजव्या टोकावरचे कोटिंग पॉलिश पेपरने पूर्ण उतरवले आणि नळी कोरडीच बसवली. दुसरे, हँडलच्या मधल्या भागात क्लॅम्पला पकड मिळावी म्हणून जे खरखरीत दाते पाडलेले असतात, ते कोटिंगने भरून गेले होते. हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. मुळशीच्या पुढे एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले आणि दोन्ही मुठी बोटभर खाली गेल्या. गाडी पडली नाही, पण पुढचे काही किलोमीटर मी सायकल शिकणाऱ्या मुलासारखा चालवत आलो. घरी येऊन दाते तारेच्या ब्रशने उघडे केले, क्लॅम्पचे बोल्ट पुढची-मागची फट सारखी राहील असे थोडे थोडे करत आवळले आणि हँडल व क्लॅम्प यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली, की हँडल फिरले.

स्विचच्या खोक्यांच्या आत एक छोटी खुंटी असते. तिच्यासाठी हँडलला भोक पाडावे लागते, नाहीतर खोके गोल फिरत राहते. डाव्या बाजूला मी ग्रिप न चढवताच माप घेतले आणि भोक दहा मिलिमीटर आत पडले. आता तिथे दोन भोके आहेत. टोकाजवळ असल्याने चालवून घेतले आहे. क्लॅम्पजवळ, जिथे सगळा ताण येतो, तिथे हे घडले असते तर हँडल भंगारात दिले असते. वायरी हँडलच्या आतून न्यायचा मोहही याच कारणाने आवरला.

वायरी आणि नळ्यांबाबत एक गोष्ट हात काळे केल्यावरच कळली. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची वायर इंजिनाकडे जाते, म्हणून ती हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासायची. इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर फायरिंग, म्हणजे इंजिनाचा वेग, वाढले तर वायर ओढली जात आहे असे समजावे. ब्रेकचा होज मात्र हँडलवरून निघून पुढच्या कॅलिपरला जातो आणि हे दोघेही एकत्रच वळतात. त्याला ताण येतो तो चाक खाली लोंबल्यावर. म्हणून गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागच्या बाजूला भाचीला बसवले, पुढचे चाक अधांतरी केले आणि शॉकअप पूर्ण सुटल्यावर पाहिले, तर मूळ होज तारेसारखा ताठ झाला होता. नवा लांब होज बसवला, ब्रेकमधील हवा काढली, आणि हे करताना टाकीवर जुनी चादर टाकली, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो.

कायद्याविषयी अनेकांनी विचारले होते, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते. हँडलचा उल्लेख आरसीवर नसतो, पण तेवढ्यावरून सूट मिळते असे मी म्हणणार नाही. मूळ हँडल, मूळ वायरी आणि मूळ होज पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहेत, आणि दोन्ही आरसे जागेवर आहेत.

नव्या हँडलवर आता सहाशे वीस किलोमीटर झाले. पाठ सरळ राहते, मनगट मुरडत नाही, आणि पूर्ण वळवल्यावर अंगठा व टाकी यांच्यात तीन बोटे जागा उरते. टोकांना वजनदार बार-एंड लावल्यावर मुंग्याही बऱ्याच कमी झाल्या आहेत. पांढरी रेघ अजून सलग आहे. क्लचची वायर उजवीकडे वळताना नॅसेलच्या कडेला घासून तिथला रंग नखाएवढा गेला आहे. तिच्यासाठी वेगळी कडी करून घ्यायला टर्नरकडे माप दिले आहे, ती शनिवारी मिळेल.