घरमालकांची दुसरी किल्ली

फोंड्यात कौलारू घर भाड्याने घेतलं तेव्हा घरमालकांनी एक किल्ली स्वतःकडेच ठेवली होती. इथे बहुतेक ठिकाणी तसंच असतं. पण मे महिन्यात आम्ही दोघं कामावर असताना त्यांनी शाकारणीची माणसं परस्पर आत नेली. संध्याकाळी येऊन बघतो तर गादीवर, शेगडीवर, अगदी तांदळाच्या डब्यातसुद्धा लाल भुकटी आणि जळमटं. काम मात्र चोख. फुटकी मंगलोरी कौलं बदललेली, स्वयंपाकघरावर उजेडासाठी काचेचं नवं कौलही बसवलेलं. भांडायचं तरी कशावरून?

कुलूप बदल, असं जो तो सांगत होता. तो सल्ला मला पटला नाही. पावसाळा तोंडावर, आणि गळायला लागलं तर जायचं त्यांच्याकडेच.

ओळखीच्या वकीलबाईंना करारनामा दाखवला. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०८ प्रमाणे मालकाला वाजवी वेळी आत येऊन घराची पाहणी करता येते, भाडेकरूने अडवायचं नाही. त्याच कलमात भाडेकरूला घर निर्वेध वापरू देण्याची हमीही आहे. पण आमचा कागद अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा. त्यात कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, म्हणून हवं ते करारातच लिहून घ्या, असं त्या म्हणाल्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तास आधी लेखी किंवा मोबाईलवर सूचना द्यायची, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर आत यायचं नाही, अशी तरतूद आहे. राज्याने स्वीकारला तरच तो कायदा लागू होतो, पण त्यातली अट करारात घालायला कुणाची ना नसते.

रविवारी घरमालक काकांकडे गेलो. ते उखडलेच. "पाऊस काय तुम्हाला विचारून येतो?"

"पाऊस येऊ दे, काका. गडी तेवढे सांगून पाठवा."

काकी आतून हसल्या, तेव्हा कुठे काकांनी मला बसायला सांगितलं.

करार नव्याने करताना कलम घातलं: आदल्या दिवशी व्हॉट्सॲप, काम दिवसाउजेडी, आमच्यापैकी एकजण घरी. पाइप फुटला किंवा शॉर्टसर्किट झालं तर फोन करून सरळ कुलूप उघडायचं. हे शेवटचं मीच सुचवलं. स्टँप पेपरचे पैसे मात्र काकांनी माझ्याकडूनच घेतले.