‘टक्’ वाजतं पण सेल्फ फिरत नाही: आधी मोजलेला, मग खोललेला स्टार्टर

किल्ली फिरवली की एकच ठणठणीत ‘टक्’, डॅशबोर्डचे दिवे किंचित मंद होतात आणि इंजिन जागचं हलत नाही. दोनचारदा किल्ली मारली की मात्र काहीच न घडल्यासारखी गाडी सुरू. या लक्षणावर ‘सेल्फ गेला, नवा टाका’ हा सल्ला ठरलेला असतो. पण स्टार्टर, म्हणजेच सेल्फ, खोलण्याआधी मीटर लावला, तर निम्मं काम बॉनेट उघडं असतानाच उरकतं.

त्यासाठी सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरवरचा विद्युतचुंबकी स्विच, काय करतो ते समजून घ्यावं लागतं. तो दोन कामं करतो: फोर्क ढकलून पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरमध्ये, म्हणजे दातेरी कड्यात, बसवतो आणि त्याच ओघात तांब्याची चकती दोन जाड टर्मिनलवर दाबून मोटरला करंट देतो. आत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. ओढणाऱ्या वाइंडिंगचं दुसरं टोक मोटरमधून, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या कार्बन ब्रशमधून, अर्थला जातं. धरून ठेवणाऱ्याचं थेट बॉडीला. म्हणून कार्बन पार झिजून सर्किट तुटलं, तर ‘टक्’ अगदी क्षीण येतो किंवा येतच नाही. आवाज ठणठणीत आणि मोटर मात्र गप्प, तर पहिला संशय चकती आणि टर्मिनलच्या जळालेल्या संपर्कावर घ्यायचा. ‘टकटकटक’ अशी माळ लागली तर प्रकरण बहुतेकदा बॅटरीचं किंवा सैल टर्मिनलचं: मोटरने करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवणारं वाइंडिंग चकती सोडतं, व्होल्टेज परत वर येतं आणि तेच पुन्हा.

बॅटरी आधी तपासली. गाडी काही तास उभी असताना 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 च्या खाली असेल तर चार्ज केल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी करू नये. सेल्फ मारताना ती साधारण 9.6 च्या खाली जाता कामा नये. त्यानंतर खरी चाचणी, व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वायरमध्ये वाटेतच किती व्होल्ट गळतात त्याची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंधनपंपाचा फ्यूज काढलेला आणि एक माणूस किल्लीवर. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी स्टार्टरच्या बॉडीवर: सेल्फ फिरत असताना 0.2–0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ वायर खराब. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरच्या 30 नंबरच्या टर्मिनलपर्यंत (बॅटरीची जाड केबल येते ते) 0.5 च्या आत हवं. नुसता ओहम मोजून हे कळत नाही. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, तेव्हा दहा तारांपैकी दोनच शाबूत असलेली केबलही ओहममीटरला निर्दोष वाटते.

या गाडीत दोन्ही आकडे ठीक होते. मग 30 नंबर आणि मोटरकडे जाणारं जाड टर्मिनल यांच्यात मीटर लावला. चकती नीट बसली तर इथे अर्धा व्होल्टही दिसायला नको. ‘टक्’ वाजत असताना मीटर जवळपास पूर्ण बॅटरी दाखवत होता. संपर्क जुळतच नव्हता. खोलायचा निर्णय इथे झाला.

30 नंबरला फ्यूज नसतो, ते थेट बॅटरीला जोडलेलं असतं. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची आणि बाजूला बांधून ठेवायची. त्यानंतर जाड वायरचा नट, किल्लीकडून येणारी 50 नंबरची बारीक वायर आणि माउंटिंग बोल्ट. बोल्टखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) निघाली तर ती त्याच जागी परत जायला हवी. स्टार्टर निघाल्यावर भोकातून रिंग गिअर टॉर्चने पाहून घेतला, इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोन जागी थांबतं, त्यामुळे दातही तिथेच झिजतात; एकच जागा पाहून समाधान मानू नये.

सोलेनॉइडचं झाकण स्क्रूचं होतं आणि वाइंडिंगची टोकं सोल्डर केलेली. त्यासाठी दणकट सोल्डरिंग आयर्न लागतं, छोटं आयर्न नुसतं तापवत बसतं. आत चकतीची कड जळून काळी, टर्मिनल बोल्टच्या डोक्याला एका बाजूने खड्डा. चकती उलटी केली आणि बोल्ट अर्धा फेरा फिरवले की कोरं तांबं समोर येतं. झाकण सीलबंद असेल तर मात्र झटापट न करता अख्खा सोलेनॉइड बदलावा.

मोटर हातात आलीच आहे तर उघडायचीच. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदलायचे, स्प्रिंगचा जोर बोटाने बघायचा. कम्यूटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, बारीक पॉलिश पेपरने पुसला. एमरी (काळा घासपेपर) वापरू नये, तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधलं मायका (अभ्रकाचा इन्सुलेटर) तांब्यापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर खाली हवं. कम्यूटेटर आणि शाफ्ट यांच्यात मीटरने सातत्य, म्हणजे सलग जोड, दाखवलं तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) संपला. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश ढिला झाला की आर्मेचर चुंबकांना घासतो, त्याच्या चकचकीत रेघा लगेच दिसतात. नवा बुश बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवावा.

बेंडिक्स, म्हणजे पिनियन आणि त्याचा एकाच दिशेने पकडणारा क्लच, एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट धरला पाहिजे. दोन्हीकडे मोकळा असेल तर मोटर नुसती घोंगावते, इंजिन फिरत नाही. तो पेट्रोलमध्ये बुडवून धुण्याची सवय फार वाईट: आतलं ग्रीस निघून जातं आणि काही महिन्यांत तो घसरू लागतो. कपड्याने पुसायचा, शाफ्टच्या तिरप्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात, कार्बनच्या आसपास थेंबही नाही.

जोडताना कम्यूटेटरच्या व्यासाचा सॉकेट घेऊन त्यावर कार्बन मागे दाबून धरले की ब्रशप्लेट (कार्बन धरणारी पट्टी) सरळ सरकते. कायमचुंबकाची मोटर असेल तर आर्मेचर झटक्यात आत खेचला जातो, बोटं सांभाळा. त्याच चुंबकांमुळे, अडलेल्या स्टार्टरवर हातोडी मारून गाडी सुरू करायचा जुना उपाय आता महागात पडतो, ते ठिसूळ असतात. 30 नंबरचा बाहेरचा नट आवळताना आतला पान्याने धरून ठेवावा, नाहीतर बोल्ट फिरून झाकणाला चीर जाते.

गाडीत चढवण्याआधी शिकंज्यात आवळून जंपकेबलने दोनतीन सेकंद चालवला: पिनियन पूर्ण बाहेर, मोटर एकसुरात. बसवल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली, 30 आणि मोटर टर्मिनलमध्ये 0.1 व्होल्ट.

संपर्क जळायचं मुळातलं कारण बरेचदा कमकुवत बॅटरी असते. व्होल्टेज पडलं की चकती थरथरते आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी. म्हणून अडखळणाऱ्या गाडीला सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. किल्ली सोडल्यावरही सेल्फ घरघरत राहिला तर चकती चिकटलेली असते. इंजिन बंद करून लगेच निगेटिव्ह टर्मिनल उपसा, कारण तो करंट किल्लीने तुटत नाही.