पॅचचा रंग उतरवता येईल का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी पॅच, म्हणजे टकलावर टेपनं चिकटवायचे केसांचे तुकडे, बसवतो. माझ्या दुकानात खुर्चीवर बसलेला माणूस हा प्रश्न लगेच विचारत नाही. आधी टेप बदलून घेतो, शाम्पू कुठला वापरायचा ते विचारतो. मग दुकानात दुसरं कुणी नाही अशी खात्री झाली, की आरशाकडं न बघता म्हणतो, ‘‘दादा, ह्यो लईच काळा दिसतोय ओ. जरा उतरवता येईल का?’’ फोनवरही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

उतरवता येतो. पण एखाद-दोन शेड, त्यापुढं नाही. पॅच डोक्यावर असताना तर कधीच नाही. आणि पुष्कळ वेळा उतरवायची गरजच नसते.

तुमच्या डोक्यावरचा केस ब्लीचनं बिघडला तर मुळातून नवा येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. पॅचच्या केसाला मूळच नाही. त्याला डोक्याचं तेलही मिळत नाही. शिवाय तो तुमच्यापर्यंत येतो तोच बरंच सोसून. आपल्या देशातला पुष्कळ केस तिरुपतीसारख्या देवस्थानांत वाहिलेला असतो. त्यातला बराचसा चीनमध्ये चिंगदाओसारख्या शहरांतल्या कारखान्यांत जातो आणि पॅच होऊन परत येतो. केस गोळा होताना मुळं आणि टोकं उलटसुलट मिसळली, तर केसावरचे माशासारखे खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. म्हणून तो केस आम्लात बुडवून खवले काढतात, रंगवतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. नवा पॅच रेशमासारखा लागतो तो त्या थरामुळं. पाच-सहा धुण्यांत थर गेला की खरा केस हाताला लागतो. असा, सालीशिवायचा केस तुम्ही ब्लीचमध्ये घालायला निघालेले असता.

म्हणून मी आधी गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर उन्हात उभं करतो. हे मी मामाकडून शिकलो. मामा नाटकांना टोप लावायचे. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये त्यांच्या हाताखाली मी जाळीला डिंक लावायला शिकलो. टोप रंगमंचाच्या उजेडात बघायचा, खोलीतल्या दिव्यात नाही, हा त्यांचा नियम होता. पिवळ्या उजेडात एकसारखा दिसणारा टोप दुपारी विंगेतून बाहेर आणला की निळसर काळा दिसायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत. पॅचवाल्या माणसाचा रंगमंच म्हणजे भरदुपारचा महाद्वार रोड. ट्यूबलाइटखाली निवडलेला पॅच तिथं फसतो.

उन्हात बघितलं की निम्म्या वेळा दोष रंगाचा नसतोच, दाटपणाचा असतो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या कपाळाशी वीस वर्षांच्या पोराएवढे केस असले, तर मधून कातडी दिसत नाही आणि सगळं काळं ठिक्कर वाटतं. अशा वेळी पुढच्या अर्ध्या इंचातले केस एकेक करून विरळ करायचे. कात्री चालवायची नाही, चिमट्यानं उपटायचे. रसायनाचा थेंब न लावता पॅच एक शेड उजळ वाटतो. या कामाला तास-दीड तास जातो. मला माझ्या सगळ्या कामांत हे काम सगळ्यात आवडतं.

दुसरं म्हणजे थांबा. रंगवलेला केस उन्हानं, घामानं, बोअरच्या जड पाण्यानं आपोआप उतरतो. कागलच्या एमआयडीसीत रोज मोटारसायकलवरून जाणाऱ्या माणसाचा पॅच दोन-तीन महिन्यांत टाळूवर तांबूस व्हायला लागतो. पहिल्या आठवड्यात जो ‘लई काळा’ म्हणून येतो, तोच पुढं ‘तांबडा पडला’ म्हणून येतो. आल्या आल्या उतरवला असता तर तिसऱ्या महिन्यात त्याचा नारळाचा काथ्या झाला असता.

एवढं करूनही रंग खरोखरच गडद असेल, तर मग उतरवायचं बघू. इथं एक गैरसमज सगळ्यांचा असतो. ‘ब्राऊन रंग आणून लावतो’ म्हणतात. रंगानं रंग उतरत नाही. काळ्यावर ब्राऊन लावला तर काळाच राहतो, वर केस आणखी कोरडा होतो. आधीचा रंग काढावा लागतो. सलूनचा नेहमीचा रंग असेल तर कलर रिमूव्हरनं काही प्रमाणात निघतो. ते केसाचा मूळ रंग खात नाही, वरून दिलेला रंग सोडवतं, म्हणून मी आधी तेच वापरतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि नंतर खूप वेळ धुवावं लागतं, नाहीतर रंग परत गडद होतो. कारखान्याचा पक्का रंग असेल तर तो जागचा हलत नाही, आणि मग ब्लीचशिवाय मार्ग राहत नाही.

ब्लीचची गोष्ट सांगताना मला गडहिंग्लजचा एक नवरदेव आठवतो. धंदा सुरू करून वर्षही झालं नव्हतं. लग्नाला आठ दिवस होते. पोराचे स्वतःचे केस जात्याच तपकिरी, पॅच काळाभोर. मी ब्लीचच्या पुडीत कालवायचं पेरॉक्साइड, म्हणजे डेव्हलपर, घेतलं ते ४० व्हॉल्यूमचं, फार कडक, वर गरम टोपी चढवली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा पॅच गाजरासारखा झाला होता. विंचरला तर कंगव्यात झुपका आला. लेसवर, म्हणजे पॅचच्या तळाच्या जाळीवर, प्रत्येक केस गाठ मारून बसवलेला असतो. ब्लीच त्या गाठीत शिरलं की केस तिथंच तुटतो किंवा गाठ सुटते. पोरगा काही बोलला नाही. नुसता पॅचकडं बघत राहिला. पुण्याहून दुसरा पॅच माझ्या पैशानं मागवला, दोन रात्री जागून कापून दिला. लग्नात त्यानं मला अगत्यानं जेवायला बसवलं, पण घास उतरेना.

आता मी असं करतो. पॅच काढायचा, टेपचा चिकटा पुसून काढायचा, धुऊन पूर्ण वाळवायचा. मागच्या बाजूचे चार-पाच केस कापून घ्यायचे. एक जाळून बघायचा. माणसाच्या केसाला जळक्या पिसाचा वास येतो आणि राख बोटात चुरते. कृत्रिम धागा वितळून मणी होतो. कृत्रिम धाग्यावर ब्लीचचा काही उपयोग नाही. पॅचमधले पांढरे केस तर पुष्कळदा कृत्रिमच असतात. उरलेले केस काचेच्या वाटीत ब्लीच आणि डेव्हलपरच्या तयार मिश्रणात टाकायचे. पॅचला कुणी कधी काळी मेंदी लावली असेल आणि त्या पुडीत धातूचे क्षार असतील, तर मिश्रण तापतं, फसफसतं. तसं झालं तर तो पॅच बाजूला ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही.

डेव्हलपर १० व्हॉल्यूमचं, म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. फार तर २० व्हॉल्यूम, ६ टक्के. ३० आणि ४० पॅचसाठी नाहीतच. मिश्रण दाट कालवायचं, ओघळता कामा नये. थर्मोकोलच्या डोक्यावर पॅच टाचून, मुळापासून अर्धा-पाऊण इंच सोडून, ब्रशनं पातळ बटा घेऊन लावायचं. उष्णता द्यायची नाही. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघायची. आपला काळा केस सरळ तपकिरी होत नाही, आधी तांबूस होतो, मग नारिंगी. तांबूस दिसला की धुवायचं. तो तांबूसपणा मारायला वरून राखाडी झाक असलेला टोनर, म्हणजे झाक बदलणारा हलका रंग, लावायचा. वीस मिनिटांत हवा तेवढा उतरला नाही तर सोडून द्यायचं, दुसरा हात द्यायचा नाही. खिडकी उघडी आणि हातात मोजे हवेत. ब्लीचच्या पुडीतल्या परसल्फेटनं आमच्या धंद्यातल्या लोकांना दमा जडतो.

घरी काय काय करतात ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. एकानं कपड्यांचं ब्लीच लावलं होतं. ते केस विरघळवतं, हातात लगदा येतो. एकानं चेहऱ्याचं ब्लीच पॅच डोक्यावर ठेवूनच लावलं. पॅचच्या तळाखाली अडकलेल्या मिश्रणानं टाळू भाजली, महिनाभर त्याला टोपी घालावी लागली. लिंबू लावून रंकाळ्यावर उन्हात बसणारेही भेटले. रंग जेमतेम उतरतो, केस मात्र झाडूसारखा होतो.

बहुतेकांना मी सांगतो, पॅच आहे तसा राहू द्या, कानशिलावरचे स्वतःचे केस अर्धी शेड गडद करा. ते वाढतात, चूक झाली तर निघून जाते. मात्र काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची ॲलर्जी येते. म्हणून ४८ तास आधी कानामागं थेंबभर लावून बघायचं. आणि पुढचा पॅच मागवताना नुसतं ‘काळा’ म्हणू नका. १ नंबर म्हणजे कुळकुळीत काळा, तो आपल्याकडं फार थोड्यांना शोभतो. १ बी हा नैसर्गिक काळा, २ म्हणजे गडद तपकिरी. कानशिलं पिकायला लागली असतील तर १ बी १० मागवा, त्यात दहा टक्के पांढरा केस असतो.

माझ्याकडं एक शंभर पानी वही आहे. ज्याचा पॅच उतरवला त्याची एक बट आधीची, एक नंतरची, सेलोटेपनं चिकटवलेली. शेजारी तारीख, किती व्हॉल्यूम, किती मिनिटं. पहिल्या पानावर नारिंगी बट आहे. येताना तुमचा जुना पॅच घेऊन या, फाटका असला तरी. आणि दुपारी चारच्या आत या, म्हणजे दुकानासमोर ऊन असतं.